नसलेल्या माशासाठी नसलेला खेकडा

सॉफ्ट प्लास्टिक क्रॉ म्हणजे मऊ प्लास्टिक साच्यात ओतून तयार केलेले, क्रेफिश या प्राण्याच्या आकाराचे कृत्रिम आमिष होय. क्रेफिश हा गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी असून त्याचे धड कोळंबीचे आणि पुढच्या दोन नांग्या खेकड्याच्या वाटतात, त्यामुळे कोकणातल्या एखाद्या जाणत्या बाईपुढे तो ठेवल्यास त्याचे कालवण करावे की सुके, या प्रश्नावर तिलाही क्षणभर थांबावे लागेल. अमेरिकेच्या तळ्यांत आणि नद्यांत हा प्राणी भरपूर सापडतो आणि लार्जमाउथ बास नावाचा, मोठ्या जबड्याचा, पाणगवताआड दबा धरून बसणारा मासा तो आवडीने खातो. तेव्हा बास गळाला लावायचा असेल तर क्रेफिशची नक्कल करावी, हे ओघानेच आले. ही सर्व मांडणी तर्काला धरून आहे. बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगरात ती आणली असता मात्र तिच्यात दोन किरकोळ अडचणी येतात. पहिली अशी की भारताच्या मुख्य भूमीवर क्रेफिश निसर्गतः आढळत नाही, आणि दुसरी अशी की व्हाइटफील्डच्या तळ्यांत बासही नाही. असे असूनही तेथील काही मराठी गृहस्थांच्या घरी क्रॉची पाकिटे कपाटाच्या खणातून ओसंडू लागलेली आढळतात, म्हणून नसलेल्या माशाला नसलेल्या खेकड्याने फसवण्याच्या या उद्योगाचा परामर्श घेणे अगत्याचे ठरते.

व्हाइटफील्डला अशा उद्योगांची परंपरा नवी नाही. म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी 1882 साली अँग्लो-इंडियन आणि युरेशियन लोकांच्या वसाहतीसाठी दिलेल्या सुमारे चार हजार एकर जमिनीवर हे गाव वसले आणि त्या समाजाच्या संघटनेचे पुढारी डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट यांचे नाव त्याला मिळाले. लोकांनी येथे येऊन शेती करावी आणि स्वावलंबी व्हावे, अशी मूळ कल्पना होती. 1990 च्या दशकात इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले, शेतीऐवजी संगणकप्रणालींचे पीक निघू लागले आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, पेण अशा ठिकाणांहून आलेले अभियंते हप्त्यावर घरे घेऊन येथे कायमचे राहिले. यांपैकी बऱ्याच जणांचे आयुष्य आठवडाभर रहदारीत आणि शनिवार-रविवार छंदात जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून चल्लघट्ट्यापर्यंत अखंड सुरू झाली, तेव्हा रहदारीतून वाचलेला वेळही छंदाच्या खात्यात जमा झाला आणि कुटुंबीयांची काळजी वाढली.

प्रस्तुत लेखात ज्याला ‘गृहस्थ’ म्हटले आहे, तो या वर्गाचा नमुना समजावा. त्याच्या बाल्कनीत गिअरची सायकल असते, तिच्यावर कपडे वाळत असतात. पलंगाखाली दुर्बीण असते, कारण बेंगळुरूच्या आकाशात ढग असतात. आणि भिंतीवर गिटार असते, ती भिंत रिकामी दिसू नये म्हणून. प्रत्येक छंदात त्याने साधनसामग्री जमवण्याची पायरी उत्तम रीतीने पार केलेली असते आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी त्याला दुसरा छंद दिसलेला असतो. यामागे एक शहाणपण आहे, ते असे की तयारीत माणूस कधी नापास होत नाही. नापास होतो तो प्रत्यक्ष कृतीत. गरवणे, म्हणजे गळ टाकून मासे धरणे, या छंदाने गृहस्थाला मोह घातला तो याच कारणाने, कारण साधनसामग्रीची इतकी खोल विहीर दुसऱ्या कोणत्याही छंदात नाही.

पहिली खरेदी रंगाची असते. क्रॉच्या रंगांची यादी वाचताना आपण आमिषाच्या नव्हे, न्याहारीच्या दुकानात शिरलो आहोत असे वाटू लागते, कारण रंगांची नावे ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन रेड, पीनट बटर अँड जेली अशी असतात. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी आणि गढूळ पाण्यात काळा-निळा रंग वापरावा, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो नियम पाळण्यासाठी आधी पाणी पाहावे लागते. गृहस्थाने पाणी पाहिलेले नसल्यामुळे तो सर्व रंग मागवतो. 2015 साली वर्तूर तळ्यातला पांढरा फेस उसळून रस्त्यावर आला होता. अशा फेसात कोणता रंग उठून दिसतो, याविषयी अमेरिकन उत्पादकांनी काहीही लिहून ठेवलेले नाही, ही या शास्त्रातील मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

पाकीट घरात आले की पत्नीला त्याची ओळख करून द्यावी लागते.

“हे काय आहे?”

“क्रॉ.”

“खायचं?”

“माशांनी.”

“कुठल्या?”

या ठिकाणी गृहस्थ पाकिटामागचा इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचू लागतो. त्या मजकुरावरून असे कळते की क्रॉ हा पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांच्या मिश्रणाचा बनलेला असून हे मिश्रण तापवून साच्यात ओततात. त्यात मीठ घालतात, म्हणजे आमिष जड होते आणि माशाने ते तोंडात जरा जास्त वेळ धरावे अशी अपेक्षा असते. आणि वरून लसणाचा किंवा बडीशेपेसारखा वास देतात. थोडक्यात, मीठ, लसूण आणि बडीशेप या तिन्ही गोष्टी घरच्या मिसळणाच्या डब्यात आणि आसपास उपलब्ध असताना त्या परदेशातून, टपालखर्च आणि सीमाशुल्क भरून, प्लास्टिकमध्ये कालवून मागवल्या जातात. लसणाच्या वासाच्या क्रॉचे पाकीट एकदा उघडले की दोन दिवस घरात सोलापूरची शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा दरवळ राहतो, आणि पाहुणे जेवणाची वाट पाहत बसतात.

गृहस्थ अशा वेळी इतिहासाचा आधार घेतो. मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा उगम मुळी स्वयंपाकघरातच झाला, हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या गावी, निक क्रीम नावाच्या माणसाने पत्नी कॉस्मा हिच्या मदतीने घरच्या चुलीवर प्लास्टिक शिजवून पाहिले आणि 1949 साली त्याचा प्लास्टिकचा गांडूळ बाजारात आला. आजचे सगळे क्रॉ त्या गांडुळाचे वंशज होत.

“म्हणजे बघ, हा सगळा शोध स्वयंपाकघरात लागला.”

“त्या बाईचं पुढे काय झालं, ते लिहिलंय का?”

“पुढे कारखाना टेक्सासला हलवला.”

“घराबाहेर गेला ना? मग झालं.”

या संवादानंतर क्रॉची पाकिटे स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जातात. तेथेही त्यांचा स्वभाव उघड होतो, कारण या प्लास्टिकमधले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि काही जातींच्या कडक प्लास्टिकला विरघळवते. शिवाय काही आमिषे निराळ्या जातीच्या मऊ रबराची असतात, त्यांचे आणि पीव्हीसीच्या आमिषांचे एकमेकांशी पटत नाही. दोन्ही एका डब्यात ठेवली तर ती एकमेकांत वितळून त्यांचा एकच चिकट, बहुरंगी, अनेक नांग्यांचा प्राणी तयार होतो, जो अमेरिकेतही आढळत नाही. गृहस्थ तो टाकून देत नाही. तो गढूळ पाण्यासाठी वेगळा ठेवतो.

मोटारीत किंवा उन्हात राहिलेल्या क्रॉच्या नांग्या वाकड्या होतात आणि वाकड्या नांग्यांचा क्रॉ पाण्यात गरगरतो, तेव्हा त्या सरळ करण्याचा शास्त्रोक्त उपाय म्हणजे क्रॉ काही क्षण कढत पाण्यात बुडवून नंतर सपाट जागी थंड होऊ देणे. कढत पाणी घरात ज्या पातेल्यात सर्वांत लवकर होते, ते पातेले चहाचे असते. त्या दिवशीच्या चार वाजताच्या चहाला लसणाचा वास का येतो, याची चौकशी सुरू झाल्यावर गृहस्थाने प्रथम आल्यावर, नंतर दूधवाल्यावर आणि शेवटी बेंगळुरूच्या टँकरच्या पाण्यावर संशय व्यक्त केल्याचे आढळते. पातेले बदलण्यात येते. जुने पातेले आता त्याचे स्वतःचे असते, आणि साधनसामग्रीत आणखी एका वस्तूची भर पडलेली असते.

आता मुख्य विधीकडे वळणे योग्य होईल. क्रॉ गळाला ओवण्याच्या अनेक पद्धतींपैकी सर्वमान्य पद्धत टेक्सास रिग या नावाने ओळखली जाते. रिग म्हणजे दोरा, वजन, गळ आणि आमिष यांची विशिष्ट जुळणी. दोऱ्यात प्रथम बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मधून आरपार भोक असलेले वजन ओवतात, त्याचे टोक काठीच्या दिशेला ठेवतात आणि मगच गळाची गाठ मारतात. वजन शिशाचे चालते, पण टंगस्टनचे अधिक चांगले समजतात, कारण टंगस्टन शिशापेक्षा बरेच घट्ट असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते, आणि बरेच महाग असल्यामुळे हरवल्यावर अधिक काळ लक्षात राहते. गाठ पालोमार पद्धतीची मारावी, म्हणजे दोरा दुमडून गळाच्या डोळ्यातून काढावा, साधी गाठ घालावी, राहिलेल्या फासातून अख्खा गळ पलीकडे न्यावा आणि थुंकीने ओला करून आवळावा. ही गाठ अत्यंत पक्की बसते आणि सुटता सुटत नाही, आणि ती पूर्ण आवळून झाल्यावरच वजन ओवायचे राहिल्याचे गृहस्थाच्या लक्षात येते. परकराची शिलाई पुरी झाल्यावर नाडी टेबलावर तशीच दिसावी, त्यातला हा प्रकार होय.

वजन आणि गाठ यांचा क्रम जमल्यावर क्रॉ ओवायचा असतो. यासाठी मानेजवळ दोनदा वळलेला रुंद गळ वापरतात. त्याचे टोक क्रॉच्या शेपटाकडून सुमारे अर्धा सेंटिमीटर आत घालून खालच्या अंगाने बाहेर काढतात, आमिष गळाच्या मानेपर्यंत सरकवतात, गळ अर्धा फिरवतात, तो आमिषाच्या अंगाला लावून कुठे टोचायचे याचा अंदाज घेतात आणि टोक अंगातून आरपार नेऊन पाठीच्या पातळ सालीत लपवतात. टोक लपलेले असल्यामुळे हा गळ गवतात, फांद्यांत आणि जलपर्णीत अडकत नाही, फक्त माशाच्या जबड्यात अडकतो, असे त्याचे वैशिष्ट्य सांगितले जाते. प्रत्यक्षात तो सोफ्याच्या कापडात, पायपुसण्यात, सदऱ्याच्या बाहीत आणि डाव्या अंगठ्यात निर्विघ्नपणे अडकतो, कारण यांपैकी कशालाही गवत म्हणता येत नाही.

या पद्धतीत क्रॉचे शेपूट पुढे आणि नांग्या मागे राहतात, आणि त्याला कारण आहे. क्रेफिश घाबरला म्हणजे शेपटाचा झटका देऊन उलटा पळतो. त्यामुळे दोरा ओढल्यावर आमिष मागच्या मागे सरकले पाहिजे. हे कारण पेणहून काही दिवसांसाठी आलेल्या आईला पटवणे मात्र अवघड जाते, कारण खाजणातला जिताडा जिवंत कोळंबीवर गरवताना पाहत जिचे बालपण गेले, तिला मासे काय खातात याविषयी पाकिटावर वाचावे लागत नाही.

“अरे, उलटा ओवलास. तोंड मागे गेलं त्याचं.”

“आई, तो पळताना मागेच जातो.”

“मग पळणारा कशाला दाखवतोस माशाला? बसलेला दाखव. मासा काय तुझ्यासारखा सकाळी धावायला जातो?”

“तो दबा धरून बसतो, आई.”

“कुठे?”

हा प्रश्न पुन्हा अनुत्तरितच राहतो.

ओवण्याची विद्या हस्तगत झाल्यावर फेकण्याचा सराव करावा लागतो. बास धरणारे तज्ज्ञ ज्या रिळाचा आग्रह धरतात, त्यातला दोऱ्याचा रूळ स्वतः फिरतो आणि आमिष हवेत असेपर्यंत त्याच्यावर अंगठ्याचा हलका दाब ठेवायचा असतो. दाब कमी पडला की रूळ आमिषापेक्षा वेगाने फिरतो आणि दोऱ्याचा असा गुंता होतो की अमेरिकेत त्याला पक्ष्याचे घरटेच म्हणतात. गृहसंकुलाच्या हिरवळीवर सराव करताना गृहस्थ अशी अनेक घरटी बांधतो, आणि ज्या फेकीत घरटे होत नाही, ती फेक पहिल्या मजल्यावरील कपड्यांच्या दोरीपर्यंत पोहोचते. टोक लपवलेला गळ कपड्यात अडकत नसतो, हा सिद्धांत येथे दुसऱ्यांदा तपासला जातो.

पाण्यातल्या हालचालीची परीक्षा प्रथम न्हाणीघरातील बादलीत होते, पण बादलीत क्रॉ पळायला जागा नसते. व्हाइटफील्डमध्ये तळ दिसेल इतके स्वच्छ पाणी गृहसंकुलाच्या तरणतलावातच असल्यामुळे गृहस्थ पहाटे तेथे जातो आणि क्रॉ तळाशी सोडून, काठीच्या टोकाला हलके झटके देत, उड्या मारवत, मध्येच थांबवत, नांग्या कशा फडफडतात ते पाहतो. आमिष बुडत असतानाच मासा बहुधा झडप घालतो, म्हणून दोऱ्यावर लक्ष ठेवावे, या नियमानुसार तो दोऱ्यावर लक्ष ठेवून असतो, आणि त्यामुळे शिडीवर त्याचे लक्ष नसते. गळ शिडीच्या नळीत अडकतो, दोरा तुटतो, आणि सकाळी सात वाजता पोहायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांपैकी पहिल्याला तळाशी दोन नांग्या उभारून बसलेले काहीतरी दिसते. संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘तलावात काळा-निळा विंचू’ अशी वार्ता छायाचित्रासह फिरते, कीटकनाशकवाल्याला बोलावणे जाते आणि संध्याकाळी समितीची सभा भरते.

“हा प्राणी आपला का?”

“तो प्राणी नाही. प्लास्टिक आहे.”

“म्हणजे आणखी वाईट, सर. संकुलात प्लास्टिकला बंदी आहे.”

सभेच्या इतिवृत्तात ‘तलावात पाळीव किंवा कृत्रिम जीव सोडू नयेत’ अशी नोंद होते, आणि शिडी दुरुस्तीचा खर्च देखभालीच्या पुढच्या बिलात येतो.

मग पाण्याचा शोध सुरू होतो. व्हाइटफील्डच्या आसपास वर्तूर, शीलवंतन केरे, नल्लूरहळ्ळी अशी तळी आहेत. केरे म्हणजे कन्नडमध्ये तळे. ज्या तळ्यांत सांडपाणी पोहोचले तेथे जलपर्णी माजते, आणि गंमत अशी की जलपर्णीच्या दाट गालिच्याला भोक पाडून खाली बसलेल्या बासपर्यंत पोहोचण्यासाठी जड टंगस्टन लावलेला क्रॉ हेच अमेरिकेतील प्रमाणित साधन आहे. तेव्हा साधन, पद्धत, गालिचा आणि पाणी या चार गोष्टी व्हाइटफील्डमध्ये अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे जुळून येतात; उणीव राहते ती माशाची आणि परवानगीची. तळ्याला कुंपण असते, कुंपणाला फाटक असते, फाटकावर मनाईची पाटी असते आणि पाटीखाली पहारेकरी असतो.

“मछली पकडना मना है, साब.”

“पण मी बास पकडतो. बास इथे नाहीच.”

“तो फिर क्या पकड रहे हो?”

पहारेकऱ्याचा प्रश्न, पत्नीचा प्रश्न आणि आईचा प्रश्न हे तिन्ही वस्तुतः एकच आहेत, हे गृहस्थाच्या ध्यानात येत नाही असे नाही. पण एव्हाना टंगस्टनच्या गोळ्यांची नवी पेटी निघालेली असते.

वास्तविक या प्रदेशाला गरवण्याचे शास्त्र परके नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून त्यात काठी, दोरा, गळ, माशांच्या जाती आणि त्यांना घालायचे खाद्य यांचा विचार केला आहे. राजाने एवढा तपशील दिला, पण वॉटरमेलन रेड हा रंग त्याच्याकडून राहून गेला. काबिनी नदीवर 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन याने 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर धरला, आणि पुढे कावेरीकाठच्या वाटाड्यांनी महसीरसाठी नाचणीच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्याची ख्याती दूरवर पोहोचवली. नाचणीचा गोळा व्हाइटफील्डच्या कुठल्याही खानावळीत मिळतो आणि उरला तर माणसालाही खाता येतो. गृहस्थाने याचा विचार करून तो बाजूला ठेवला, कारण नाचणीचा गोळा ओवायला काहीच शिकावे लागत नाही.

याच संदर्भात बासचे जागतिक उच्चांक पाहण्याजोगे आहेत. जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने 2 जून 1932 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, आणि तो घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला. त्या दिवशी त्याच्या आणि त्याच्या सोबत्याच्या जवळ मिळून एकच आमिष होते असे सांगतात. जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने 2 जुलै 2009 रोजी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास धरला. वजन किंचित अधिक भरले, पण जुना उच्चांक मोडण्यासाठी निदान 2 औंसांचे अंतर लागते, म्हणून दोघांना बरोबरीचे मानण्यात आले. कुरिताने जिवंत मासा आमिष म्हणून वापरला होता. म्हणजे दोन्ही उच्चांकांत प्लास्टिकच्या क्रॉचा वाटा शून्य आहे. गृहस्थ यावरून असा निष्कर्ष काढतो की क्रॉने उच्चांक होणे अद्याप बाकी आहे आणि संधी मोकळी आहे.

अखेर होसकोटेच्या बाजूला एका शेततळ्याचा पत्ता लागतो, जेथे पैसे भरून दिवसभर गळ टाकू देतात. तळ्यात मालकाने रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडलेली असतात. यांपैकी कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीवर राहतो आणि मृगळ तळाचा गाळ उपसतो. तिघांपैकी कोणीही उलट पळणाऱ्या, लसूण लावलेल्या, नांगीवाल्या प्राण्याकडे ढुंकून पाहण्याच्या स्वभावाचे नसतात. शेजारी बसलेले लोक मळलेल्या कणकेवर मासे काढत असताना गृहस्थ क्रॉला उडी मारवतो, थांबवतो, रंग बदलतो, वजन बदलतो, वजन ओवायचे विसरतो, गाठ सोडतो. तळ्याच्या मालकाला त्याच्याविषयी कणव वाटते.

“कणीक देऊ का, सर? आपली आहे. पैसे नकोत.”

“नको. टेक्सास रिग आहे.”

“मग असू दे, सर.”

दुपारी, नांग्यांपैकी एक गळून पडलेल्या क्रॉवर, काठच्या गवतातून मरळ झेपावते. मरळ ही हवेतून श्वास घेऊ शकणारी, चिवट, मांसाहारी जात असून ती पावसाळ्यात ओहोळातून न बोलावता तळ्यात शिरते आणि बेडूक, खेकडे, लहान मासे असे जे हलेल ते खाते; नांगी एक की दोन, हे ती मोजत बसत नाही. गृहस्थ तिला काठावर आणतो, पट्टीने मापतो, विविध कोनांतून तिची छायाचित्रे घेतो, आणि अमेरिकन बासपटूंच्या शिष्टाचाराला अनुसरून, म्हणजे धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा या नियमाने, दोन्ही हातांनी हळुवारपणे तळ्यात सोडून देतो. तळ्याचा मालक हातातला चहा तेथेच ठेवून धावत येतो.

“सोडली? सर, सोडली तुम्ही? ती माझी बोटुकली खाते! दोन पावसाळे शोधतोय मी तिला!”

“हा खेळाचा नियम आहे.”

“कोणाच्या खेळाचा, सर? तिच्या?”

घरी दूरध्वनीवर पेणला ही वार्ता सांगितली असता तेथील प्रतिक्रिया याहून कडक होते, कारण मरळीला काटे कमी असतात, बाजारात ती भाव खाऊन जाते आणि आजारातून उठलेल्या माणसाला ती मुद्दाम करून घालतात.

“केवढी होती?”

“बारा इंच.”

“आणि सोडलीस. बरं आहे ना रे तुला?”

गृहस्थाला मात्र या यशाचे शास्त्रीय महत्त्व कळलेले असते. पाणी इतके गढूळ होते की त्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि अशा पाण्यात मासा रंगापेक्षा हालचालीने पाण्यात उठणारी थरथर अंगावरच्या संवेदनशील रेषेने ओळखतो, असे जीवशास्त्र सांगते. तरीसुद्धा त्या वेळी गळावर ग्रीन पम्पकिन रंगाचा क्रॉ होता ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. सोमवारी कार्यालयात ग्रीन पम्पकिनचा सिद्धांत तक्त्यांसह मांडला जातो. श्रोत्यांत नाशिकचे दोघे, नागपूरचा एक आणि हैदराबादहून बदली होऊन आलेला एक विभागप्रमुख असतो, आणि त्यांच्यापैकी एकानेही आजवर गळ हातात धरलेला नसल्यामुळे कोणीही शंका काढत नाही. एकच नांगी असलेल्या क्रॉविषयी विभागप्रमुख विशेष चौकशी करतो, तेव्हा गृहस्थ त्याला दुसरी नांगी कात्रीने कशी व किती कापावी हे समजावून देतो. त्या आठवड्यात व्हाइटफील्डच्या निरनिराळ्या गृहसंकुलांच्या फाटकांवर परदेशी पाकिटे उतरतात आणि आणखी चार घरांतील चहाची पातेली बदलण्याची वेळ येते.

व्हाइटफील्डमधील प्लास्टिकच्या क्रेफिशांची संख्या अशा रीतीने झपाट्याने वाढत आहे आणि त्यांना नैसर्गिक शत्रू नसल्यामुळे ती पुढेही वाढत राहील. होसकोट्याच्या तळ्यातील मरळींची संख्या जेवढी होती तेवढीच आहे. घट झाली आहे ती बोटुकलींत, आणि त्यांची भरपाई करण्यासाठी मालकाने दिवसाचे शुल्क वाढवले आहे.